हलका पाय

१

पळस्प्याचा फाटा मागे पडला, की सत्यजीत अंगठ्याने स्टिअरिंगवरचं छोटं बटण दाबत असे. काटा पन्नासवर स्थिरावायचा, काट्याखाली हिरवा दिवा लागायचा, आणि तो उजवा पाय अलगद मागे घेऊन सीटच्या कडेला दुमडून ठेवायचा. तिथून जासईपर्यंत गाडी आपली आपण चालायची. कंटेनरच्या ट्रेलरांनी भरलेल्या या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावणारा माणूस विरळाच. पण तो सकाळी लवकर निघायचा, तेव्हा रस्ता बराचसा मोकळा असे. जासईच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा कल्पेश त्याला चिडवायचा, "साहेब, तुमची गाडी म्हाताऱ्या बैलासारखी झालीय. मालक झोपला तरी गोठ्यात नेऊन उभी करेल."

गाडी म्हातारीच होती. कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच बंद केलं होतं. रुचिरा, त्याची बायको, ती विकू देत नव्हती. इरा मागच्या सीटवर आडवी होऊन झोपायची, तिच्या केसांच्या तेलाचा डाग अजून सीटवर आहे, असू दे, असं ती म्हणायची. इराला, त्यांच्या लेकीला, जाऊन वर्ष उलटलं होतं.

त्या सकाळी जासईच्या अलीकडे, कंटेनर यार्डाची लांबलचक भिंत सुरू होते तिथे, हिरवा दिवा विझला. गाडीचा वेग सुटल्यासारखा झाला. कुणी ब्रेकला नुसता पाय लावला तर क्रूझ सुटतं, तसं. सत्यजीतने खाली पाहिलं. त्याचा पाय सीटच्या कडेला दुमडलेलाच होता.

जुनी वायर, थंडी, दमट हवा, असं काहीबाही मनाशी म्हणत त्याने बटण पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी तिथेच दिवा विझला. त्यानंतरही विझला. मग एका धुक्याच्या सकाळी त्याने दिवा विझताच आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता, पण गाडीला लागून असलेलं धुकं लाल झालं होतं. ब्रेकचे दिवे लागले होते. लाल धुकं काही वेळ तसंच राहिलं आणि मग निवळलं.

आरशात बघायची त्याची सवय मोडली होती. त्या दिवशी त्याला कळलं की ती मोडली नव्हती, त्याने ती मोडून घेतली होती.

२

ब्रेकच्या पॅडलवर, दांड्याच्या वरच्या टोकाला, एक चिमुकलं बटण असतं. पाय दाबला की ते सुटतं आणि मागचे दिवे लागतात. त्याच बटणावरून गाडीला कळतं की ब्रेक लागला, आता क्रूझ सोडायचं. बटण आणि दांडा यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी प्लास्टिकची चकती असते. सत्यजीतच्या गाडीतली चकती, इरा असतानाच, जुनी होऊन भुगा झाली होती. त्यामुळे बटण कायमचं सुटलेलं राही. पार्किंगमध्येही मागचे दिवे जळत, बॅटरी उतरे आणि क्रूझ लागत नसे, कारण गाडीला वाटायचं, पाय ब्रेकवरच आहे.

ती चकती कुठे मिळाली नाही. मग एका रविवारी त्याने जुन्या स्लिपरच्या टाचेचा तुकडा कापला आणि तिथे चिकटवून टाकला. स्वतःवर तो फार खूश झाला. पाठीवर झोपून, डोकं पॅडलखाली घालून केलेलं काम. त्याने इराला मागे उभं केलं, कारण स्वतःचे ब्रेकचे दिवे माणसाला स्वतः बघता येत नाहीत. त्याने पॅडल खालपर्यंत दाबलं, इराने सांगितलं की तिन्ही लागले, सोडल्यावर विझले. चाचणी झाली. क्रूझही लागलं.

तुकडा मात्र जाड होता. पॅडल जोरात दाबलं तर दिवे लागत. हलकेच दाबलं तर गाडी हळू व्हायची, पण मागे काहीच दिसायचं नाही. आणि सत्यजीत हलक्या पायाचा म्हणूनच ओळखला जायचा. त्याच्या गाडीत हातातला चहा हिंदकळत नाही, असं सगळं घर कौतुकाने सांगायचं.

हे त्याच्या ध्यानात आलं होतं, हेच खरं. पेट्रोल पंपाच्या ऑफिसच्या काचेत त्याने आपली गाडी उलटी पाहिली होती. हलका पाय, अंधार. जोराचा पाय, लाल. येत्या रविवारी तासून पातळ करू, असं त्याने ठरवलं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. क्रूझ फार छान चालत होतं.

इराला तेव्हा जासईतच एका मालवाहतूक कंपनीत उमेदवारी मिळाली होती. तिची सुटायची वेळ वेगळी, म्हणून ती आपल्या स्कूटरवरून जायची. रस्ता अंगवळणी पडेपर्यंत सकाळी बाबांच्या गाडीमागून यायचं, असं ठरलं. "रस्त्याकडे बघत बसू नकोस," सत्यजीतने तिला शिकवलं होतं. "माझ्या दिव्यांकडे बघ. मी थांबलो की तू थांब."

यार्डाच्या भिंतीपाशी एक कुत्रं आडवं आलं. त्याने हलकेच ब्रेक लावला. कुत्रं निघून गेलं. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. शेवटच्या क्षणी इराने स्कूटर उजवीकडे काढली होती, आणि उजवीकडून ट्रेलर येत होता.

सगळ्यांनी ट्रेलरवाल्याला दोष दिला. तेराव्याच्या आत सत्यजीतने स्लिपरचा तुकडा उपटून काढला आणि गाढी नदीच्या पुलावरून खाली टाकला. मग गॅरेजमध्ये नवं बटण आणि नवी चकती बसवून घेतली. आता गाडीत काहीही बिघाड नव्हता. म्हणूनच ते लाल धुकं त्याला कळत नव्हतं.

३

गॅरेज उरण नाक्याजवळ होतं. मालक इक्बाल बोलघेवडा माणूस. त्याचा भाऊ कुवेतला होता, आणि प्रत्येक गाडीवरून त्याला त्या भावाच्या गाडीची आठवण यायची. त्याने बटण काढून पाहिलं, वायर हलवून पाहिली. सगळं झकास आहे, असं सांगून तो भावाच्या गाडीकडे वळला. सत्यजीतने आग्रह धरला, तेव्हा तो हात पुसत मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने ब्रेक दाबायला सांगितलं.

सत्यजीतने दाबला.

"लागले. सोडा आता." थोडा वेळ गेला. "साहेब, पाय काढा ना."

"काढलाय."

सत्यजीतचे दोन्ही पाय चटईवर होते. आरशात इक्बाल दिसत होता, कमरेवर हात ठेवलेला. त्याच्या पांढऱ्या बनियनवर लाल उजेड होता. भर दुपार होती, तरी तो उजेड दिसत होता. मग इक्बाल एक पाऊल बाजूला सरकला. अरुंद गल्लीत कुणाला वाट द्यावी, तसा. सरकल्यावर, आपण का सरकलो हे न कळल्यासारखा तो इकडेतिकडे बघू लागला. लाल उजेड गेला होता.

"उन्हाची चमक असेल," तो पुढे येऊन म्हणाला. त्यानंतर भावाचा विषय निघाला नाही. दुसऱ्या कुणाला दाखवायची तर दाखवा, मुलुंडला मोठं वर्कशॉप आहे, असं त्याने स्वतःहून सुचवलं. इक्बालने गिऱ्हाईक स्वतःहून दुसरीकडे पाठवल्याचं सत्यजीतने कधी ऐकलं नव्हतं.

४

त्यांच्या इमारतीखाली खांबांचं पार्किंग होतं. सत्यजीत गाडी उलटी लावायचा, पाठ भिंतीकडे. एका संध्याकाळी तो दूध आणायला खाली उतरला, तेव्हा वॉचमन दादूने त्याला हटकलं. दादू जवळच्याच गावचा, जमीन गेल्यावर वॉचमन झालेला. तो सगळ्यांशी घरच्यासारखा बोलायचा.

"सायेब, तुमी गाडीत बसलं व्हतं का मगाशी? मागचं दिवं लागलं व्हतं."

फोनवर बोलत बसलो होतो, असं सत्यजीत म्हणून गेला. तोंडातून खोटं इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दादू हसला नाही. "तुमी तं आता लिफ्टमधून आलाव."

गाडी त्याच्या जागेवर होती. किल्ली खिशात होती. पार्किंगमधली ट्यूबलाईट अजून लागायची होती, आणि गाडीमागची भिंत लाल होती. तो पुढच्या बाजूने, बॉनेटपर्यंत गेला. वायरिंग, त्याने स्वतःला बजावलं. शॉर्ट होतंय कुठेतरी. जुन्या गाड्यांत होतं.

भिंतीवरचा लाल उजेड डावीकडे होता, उजवीकडे होता. मधोमध नव्हता. मधे एक काळी जागा होती, खाली रुंद, वर निमुळती, आणि अगदी वर गोल. दिवे आणि भिंत यांच्यामध्ये काहीतरी उभं असल्याशिवाय अशी सावली पडत नाही, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. सत्यजीत शिकलेला होता. त्याने आणखी कारणं शोधली. भिंतीला ओल आली असेल. रंग उडाला असेल.

मग त्याला आवाज ऐकू आला. लांबवर चालून आलेली स्कूटर बंद केली, की तापलेला सायलेन्सर निवताना टिकटिक करतो, तसा. आजूबाजूला स्कूटर नव्हती. आवाज गाडीमागून येत होता.

दोन पावलं टाकली असती तर त्याला गाडीची मागची बाजू दिसली असती. त्याने ती टाकली नाहीत. खिशातल्या खिशात किल्लीचं बटण दाबलं. गाडी एकदा किणकिणली, भिंत विझली. दूध न घेताच तो वर गेला. रुचिराने विचारलं, तर दूध संपलं होतं म्हणाला. ते दुसरं खोटं.

५

रुचिरा बँकेत नोकरी करायची. इरा गेल्यानंतर ती पंधरा दिवसांत कामावर गेली, आणि लोकांना वाटलं, बाई कणखर आहे. ती रोज सकाळी इराला बाल्कनीतून ओरडून सांगायची की ट्रेलरला मधे घुसू देऊ नकोस, बाबांना चिकटून राहा. साऱ्या इमारतीने ते ऐकलेलं होतं. बाराव्याला, घरात माणसं बसलेली असताना, ती एकदम शांतपणे म्हणाली होती, "चिकटून राहा, असं मीच सांगायचे." बायकांनी तिला गप्प केलं. सत्यजीतने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताबरोबर त्याने दोन शब्द बोलायला हवे होते. त्यानंतर रुचिराने तो विषय काढला नाही, पण बाल्कनीचं दार तिने उघडणं सोडलं. कपडे आता घरातच वाळायचे.

हिवाळा सरताना तिने विजेवर चालणारी एक स्कूटर घेतली. बँकेत जायला, म्हणाली. मग एका रात्री जेवताना तिने सांगितलं, की रविवारी इराचा वाढदिवस आहे, आपण उरणच्या पुढे करंज्याला जाऊ. इराला तिथला मासळीचा लिलाव बघायला आवडायचा. कोळणींच्या बोलींची ती घरी येऊन हुबेहूब नक्कल करायची.

सत्यजीत म्हणाला, जाऊ की, सकाळी लवकर गाडी काढू.

"तू गाडी घे. मी मागून स्कूटरवर येणार."

त्याने घास खाली ठेवला. एवढ्या लांब कशाला, रस्ता वाईट, ट्रेलर, ऊन, जे सुचेल ते तो बोलत राहिला. रुचिराने सगळं ऐकून घेतलं.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "तिला काय दिसत होतं ते. एकदाच."

"त्यात काय दिसणार? गाडीची मागची बाजू."

"तेच बघायचंय."

६

रविवारी तिने डोक्याला पांढरं हेल्मेट चढवलं, हिरवी ओढणी गळ्याभोवती घट्ट बांधली आणि सांगितलं की ती लांब राहणार आहे, त्याने काळजी करू नये. ती खरंच लांब राहिली. आरशात हिरवा ठिपका दिसत होता. मधे ट्रेलर येत, जात. तो ठिपका पुन्हा दिसे.

सत्यजीतने क्रूझ लावलं नाही. ब्रेक लावायची वेळ आलीच, तर तो खालपर्यंत दाबत होता, गाडी गचके खात होती. यार्डाची भिंत आली आणि गेली. काही झालं नाही. त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

करंज्याला लिलाव संपत आला होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर येत होता. एक कोळीण रिकाम्या टोपल्या धूत होती, आणि दोघांकडे बघून म्हणाली की उशिरा आलाव, आता कुत्र्यांचं उरलंय. रुचिरा हसली. खूप दिवसांनी हसली. धक्क्याच्या कडेला, बोटींकडे तोंड करून ती बसली. सत्यजीतही बसला.

"तू इतका ब्रेक का लावत होतास?" तिने विचारलं. "गव्हाणपासून जासईपर्यंत. रस्ता मोकळा होता, तरी सारखे लाल दिवे. मला वाटलं, माझ्यासाठी हळू चालवतोस."

त्या पट्ट्यात त्याने एकदाही ब्रेक लावला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच."

खाली पाण्यावर डिझेलचा तवंग हलत होता. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "एवढे ठळक दिसतात रे ते. उन्हातसुद्धा. तेव्हाही लागत होते ना?"

हाच प्रश्न होता. एवढ्यासाठी ती उन्हातून इतकी लांब आली होती. सत्यजीतला कळलं की आता बोललं तर तिच्या मनावरचा दगड उतरेल आणि आपल्यावर येईल, जिथे तो असायला हवा. त्याने तोंड उघडलंही. स्लिपर हा शब्द जिभेपर्यंत आला होता.

"लागत होते," तो म्हणाला.

रुचिराने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले.

"म्हणजे माझ्या सांगण्यामुळे नाही," ती हळूच म्हणाली. "लक्ष नव्हतं पोरीचं. दिसलं असतं तिला, बघितलं असतं तर. नव्हतीच ती बघत."

आजवर सत्यजीतने दोष बायकोच्या खांद्यावर राहू दिला होता. आता तो उचलून त्याने लेकीच्या पदरात घातला होता. एका शब्दात. आणि आई ते मान्य करून, पोरीला मनातल्या मनात रागावून, मोकळी होत होती.

थोड्या वेळाने रुचिराने सांगितलं की ती जरा इथेच बसेल. तू हो पुढे, मला रस्ता कळलाय आता, येते मी मागून.

७

उरण मागे पडलं तेव्हा त्याला आरशात उजेड दिसला. स्कूटरचा एकच दिवा, भर दुपारी जळणारा, गाडीला अगदी लागून. बाकी काही दिसत नव्हतं, इतकी ती जवळ होती. मागच्या काचेच्या खालच्या कडेशी तो दिवा आणि त्याच्यावर हेल्मेटची नुसती गोलाई.

एवढ्यात आली कशी, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, निघाली असेल लगेच. मन हलकं झालं असेल. पण इतकं जवळ? सकाळी लांब राहणारी बाई? त्याने खिडकीतून हात काढून मागे राहायची खूण केली. दिवा हलला नाही. त्याने वेग वाढवला, दिवा तेवढाच राहिला. कमी करायचं धाडस त्याला होईना. कमी करायचा तर ब्रेक दाबावा लागणार.

काच वर करताना त्याला आवाज जाणवला. पेट्रोलच्या इंजिनाचा, मागून येणारा, एकसुरी. काच बंद झाली तरी तो राहिला. रुचिराची स्कूटर चालताना तिचा आवाज येत नाही, हे त्याला यार्डाच्या भिंतीपाशी आठवलं.

तिथे त्याने आरशाकडे बघितलं नाही. नजर समोर ठेवली, पाय ब्रेकपासून दूर ठेवला. कुत्रं आलं नाही. भिंत संपली. गव्हाण गेलं. आवाज बरोबरच होता. ओठ हलवून तो काहीतरी म्हणत होता, आणि ते काय आहे हे त्याला ऐकू येईना, कारण इंजिनाचा आवाज फार जवळ होता. लक्ष होतं, तो म्हणत होता. तुझं लक्ष होतं बाळा. पण ते सांगायची जागा करंज्याला मागे राहिली होती, आणि जिला सांगायचं होतं, तीही.

पळस्प्याच्या फाट्यावर पोलीस मधोमध उभा होता. गोव्याकडची वाहनं सोडली होती, आणि या बाजूला त्याने हात केला होता. पुढे एक रिक्षा थांबली. सत्यजीतने खूप आधीपासून, खूप हलकेच, ब्रेकवर पाय ठेवला. नवं बटण चोख होतं. मागच्या काचेत लाली चढली. गाडी थांबली, आणि मागचा दिवाही थांबला. आपटला नाही. उजवीकडे वळला नाही. जागच्या जागी, बंपरला टेकल्यासारखा, थांबून राहिला.

त्याने आरशात पाहिलं. हेल्मेटची काळी काच लाल झाली होती. आत काही दिसत नव्हतं. ते डोकं किंचित खाली झुकलेलं होतं, दिव्यांकडे. ते दिव्यांकडे बघत होतं. दुसरीकडे कुठेही नाही.

मग मागच्या रांगेतून, ट्रेलरच्या कडेने, काही आवाज न करता एक स्कूटर पुढे आली. पांढरं हेल्मेट. हिरवी ओढणी.

रुचिरा गाडीच्या मागे आली. बंपरपर्यंत यायला रस्ता मोकळा होता, निदान तिच्या मागच्या ट्रेलरवाल्याला तसं दिसत असावं, कारण तो पुढे सरकायला हॉर्न देऊ लागला. ती सरकली नाही. एका स्कूटरपुरती जागा सोडून तिने पाय टेकले. हात वर करून ट्रेलरवाल्याला थांबायची खूण केली. तिने हेल्मेटची काच वर सरकवली. ती सत्यजीतकडे बघत नव्हती. ती त्या मधल्या जागेकडे बघत होती, तिथल्या लाल उजेडाकडे, आणि तिचा चेहरा एखाद्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकताना होतो तसा झाला होता.

समजल्यासारखी तिने हळूच मान हलवली. मग नजर उचलून, मागच्या काचेतून, थेट आरशात त्याच्याकडे पाहिलं.

पोलिसाने हात खाली केला. रिक्षा निघून गेली. हॉर्न वाजू लागले. सत्यजीतचा पाय ब्रेकवरून उठेना.